स्वतंत्रपणे राहण्यासाठी स्वयंसेवी संस्थेची मदत कशी घ्यावी : दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी

एखाद्या व्यक्तीला स्वतःच्या हाताने कपडे घालायला दोन तास लागतात आणि त्यानंतर कामावर जाण्याइतके त्राण तिच्या अंगात उरत नाही. दुसरी व्यक्ती मदतनिसाकडून वीस मिनिटांत तयार होऊन बाहेर पडते. या दोघांपैकी स्वतंत्र कोण, असे विचारले तर बहुतेक लोक पहिलीकडे बोट दाखवतात. दिव्यांगांच्या स्वतंत्र जीवनाची चळवळ मात्र दुसरीकडे बोट दाखवते. केव्हा उठायचे, काय घालायचे, कुठे जायचे आणि मदत कोणाची घ्यायची हे जी व्यक्ती स्वतः ठरवते ती स्वतंत्र, एवढाच या चळवळीचा निकष आहे. स्वयंसेवी संस्थेची सेवा घ्यायची की नाही, आणि घेतली तर ती कशी वापरायची, हे ठरवतानाही हाच निकष लावावा, कारण उत्तम हेतूने चालणारी संस्थासुद्धा निर्णय आपल्याकडे घेऊ लागली की व्यक्तीचे परावलंबन घरातून उचलून कार्यालयात नेऊन ठेवते.

हा निकष अनुभवातून आलेला आहे. एड रॉबर्ट्स यांनी १९६२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, शिकायला सुरुवात केली तेव्हा पोलिओमुळे त्यांचे शरीर मानेखाली जवळजवळ निकामी झालेले होते आणि रात्री श्वासासाठी त्यांना ‘आयर्न लंग’ हे अवजड यंत्र लागत असे. वसतिगृहात त्या यंत्राची सोय होणे अशक्य असल्यामुळे विद्यापीठाने त्यांची व्यवस्था रुग्णालयाच्या इमारतीत केली. पुढे तशाच गंभीर अपंगत्वाचे आणखी विद्यार्थी तेथे आले आणि आपल्याला लागणारी मदत आपणच शोधायची, नेमायची आणि चालवायची, ही पद्धत त्यांच्यात रुजली. त्यातूनच १९७२ मध्ये बर्कलीचे स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. त्याची सूत्रे अपंग व्यक्तींच्याच हाती होती. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क कराराच्या १९व्या कलमात याच विचाराला हक्काचे रूप मिळाले. आपण कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे इतरांच्या बरोबरीने निवडण्याचा अधिकार दिव्यांग व्यक्तीला आहे, विशिष्ट प्रकारच्या निवासातच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही, आणि घरपोच साहाय्यासकट आवश्यक त्या सेवा तिला उपलब्ध असल्या पाहिजेत, असे ते कलम सांगते.

संस्थेकडे जाण्यापूर्वी

पहिल्या भेटीत बहुतेक संस्था ‘तुम्हाला काय हवे आहे?’ असे विचारतात आणि बहुतेक लोक ‘काय मिळते?’ असा उलट प्रश्न करतात. तेथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते, कारण मग संस्थेकडे जे असते तेच आपली गरज म्हणून अर्जात लिहिले जाते. त्याऐवजी जाण्यापूर्वी एक आठवडा साधी नोंद ठेवावी. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कोणते काम आपण स्वतः केले, कोणते दुसऱ्याने केले, कोणते करायचे राहिले आणि कोणते करता आले असते पण कोणी वेळेवर नसल्यामुळे सोडून दिले, हे लिहावे किंवा मोबाइलवर बोलून ठेवावे. रात्रीची मदत या नोंदीत हमखास विसरली जाते. कूस बदलून देणे, पाणी देणे, शौचालयात नेणे ही कामे घरचे लोक अर्धवट झोपेत करून टाकतात, त्यामुळे ती कोणाच्या हिशेबात येत नाहीत आणि स्वतंत्र राहायला गेल्यावर पहिल्याच रात्री अडचण उभी राहते.

आठवड्याअखेर या नोंदीतून दोन याद्या काढाव्यात. पहिलीत रोज ठरावीक वेळी लागणारी मदत असावी, दुसरीत केव्हातरी पण अचानक लागणारी. पहिलीसाठी माणूस नेमावा लागतो. दुसरीसाठी शेजारी, फोन, सूचनाघंटा किंवा संस्थेचा आपत्कालीन क्रमांक पुरतो. या दोन गरजा वेगळ्या न केल्यामुळे पुष्कळ लोक चोवीस तासांचा माणूस मागतात, तो मिळत नाही, आणि स्वतंत्र राहण्याचा विचारच बाजूला पडतो.

संस्था पारखताना

पहिल्या भेटीत एक गोष्ट बारकाईने पाहावी. कार्यकर्ता प्रश्न कोणाला विचारतो? व्हीलचेअरवर बसलेल्या व्यक्तीला सोडून तिच्या मागे उभ्या असलेल्या भावाला ‘यांना दिवसभर बसता येते का?’ असे विचारले जात असेल, किंवा कर्णबधिर व्यक्तीऐवजी सगळे बोलणे दुभाष्याकडे पाहून चालत असेल, तर माहितीपत्रकात सक्षमीकरणावर कितीही पाने असोत, त्या संस्थेची सवय काय आहे ते तेवढ्यावरून कळते.

त्यानंतर काही प्रश्न सरळ विचारावेत, आणि ते विचारताना संकोच करू नये. संस्थेच्या नियामक मंडळात आणि कर्मचाऱ्यांत दिव्यांग व्यक्ती किती आहेत? अमेरिकेत स्वतंत्र जीवन केंद्र म्हणून सरकारी निधी घेणाऱ्या संस्थेच्या मंडळात दिव्यांगांचे बहुमत असणे कायद्यानेच आवश्यक आहे. सगळीकडे असा नियम नसला तरी प्रश्न तितकाच रास्त आहे. मदतनिसाची निवड कोण करते, आणि तो पटला नाही तर बदलून मिळतो का? सेवेची वेळ कोण ठरवते? राहण्याची जागा आणि सेवा या दोन्ही एकाच संस्थेच्या असतील तर सेवा नाकारल्यावर जागाही सोडावी लागते का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण ज्याच्या हाती घराची किल्ली त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कोणीही कचरतो. शक्यतो घर एकाकडून आणि साहाय्य दुसऱ्याकडून घ्यावे. ते जमण्यासारखे नसेल तर दोन्हींचे करार तरी वेगळे करून घ्यावेत.

‘स्वतंत्र निवास’ असे नाव असलेल्या प्रत्येक जागेत स्वातंत्र्य असतेच असे नाही. जेवणाच्या, झोपण्याच्या आणि पाहुणे येण्याच्या वेळा संस्था ठरवत असेल, खोलीतला सोबती आपण निवडलेला नसेल आणि खोलीला आतून कडी नसेल, तर ते छोटे वसतिगृहच होय. कराराच्या १९व्या कलमाचे स्पष्टीकरण करताना संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१७ मध्ये हेच सांगितले आहे. इमारत किती मोठी आहे किंवा तिथे किती लोक राहतात यापेक्षा व्यक्तीची निवड आणि स्वायत्तता हिरावली जाते का, यावरून ती जागा संस्थात्मक आहे की नाही हे ठरते.

मदतनीस निवडणे, शिकवणे आणि टिकवणे

संस्थांच्या सगळ्या सेवांमध्ये आयुष्य सर्वाधिक बदलणारी आणि चालवायला सर्वांत अवघड सेवा वैयक्तिक साहाय्याची आहे, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवणे योग्य ठरेल. येथे संस्थेची भूमिका उमेदवार शोधून देणे, त्यांची पार्श्वभूमी तपासणे, पगाराची कागदपत्रे सांभाळणे आणि मदतनीस आला नाही तर पर्यायी माणूस पाठवणे एवढीच असावी. मुलाखत आणि निवड आपण करावी. मुलाखतीत अनुभवापेक्षा ऐकून घेण्याची वृत्ती जोखावी. ‘मी अशा पेशंटना दहा वर्षे सांभाळले आहे, मला सगळे माहीत आहे’ असे सांगणारा उमेदवार बरेचदा स्वतःची पद्धत आपल्यावर लादतो, तर नवखा पण विचारून काम करणारा माणूस महिन्याभरात तयार होतो. उमेदवाराला एखादे छोटे काम तोंडी सांगून करायला लावावे, म्हणजे तो सूचना पूर्ण होईपर्यंत थांबतो की अर्ध्यातच हात घालतो ते लगेच दिसते.

मदतनिसाला शिकवण्यासाठी प्रत्येक नित्याच्या कामाचा सूचनाकागद तयार करावा. पलंगावरून व्हीलचेअरवर येणे हेच काम घेऊ. खुर्ची पलंगाला किंचित तिरपी, ज्या बाजूला शरीरात अधिक जोर आहे त्या बाजूला लावायची. दोन्ही ब्रेक लावून खुर्ची हलवून पाहायची. पाऊलपट्ट्या बाजूला वळवायच्या. पलंगाकडचा हातदांडा काढता येत असेल तर काढायचा. मला पलंगाच्या कडेशी बसवल्यावर चक्कर थांबेपर्यंत थांबायचे. काखेत हात घालून उचलायचे नाही. मी ‘चला’ म्हटल्याशिवाय हलवायचे नाही. बसल्यावर गादीवर सुरकुती किंवा खिशात किल्ली राहिली नाही ना हे पाहायचे, कारण संवेदना नसलेल्या भागावर तेवढ्यानेही जखम होते. इतके सविस्तर लिहिणे पहिल्यांदा अतिरेकी वाटते. पण मदतनीस बदलला की हाच कागद कामी येतो, आणि आपल्या शरीराबद्दलचे ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात अडकून राहत नाही.

आरोग्यातील धोक्याच्या खुणा या कागदावर वेगळ्या आणि ठळक लिहाव्यात. मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा झालेल्या व्यक्तींमध्ये भरलेले मूत्राशय, लघवीसाठी बसवलेली कॅथेटरची नळी मुडपणे किंवा घट्ट कपडा एवढ्या साध्या कारणानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीला जाऊ शकतो. डोके ठणकू लागते, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो, चेहरा लाल होतो. अशा वेळी व्यक्तीला आडवे न करता ताठ बसवायचे, कपडे सैल करायचे, नळी तपासायची आणि लक्षणे लगेच ओसरली नाहीत तर तातडीने रुग्णालय गाठायचे. सर्वसाधारण प्रथमोपचार शिकलेला माणूस अशा व्यक्तीला आडवे करण्याची शक्यता अधिक, म्हणूनच हे आधी सांगून ठेवावे लागते. फिट येणे, साखर उतरणे, घास अडकणे यांपैकी जे आपल्याला लागू असेल तेही असेच लिहावे.

मदतनीस टिकतो तो वेळेवर मिळणारा पगार, ठरलेली सुट्टी आणि कामाची स्पष्ट सीमा यांमुळे. त्याला घरचा माणूस म्हणायचे आणि मग घरच्या माणसाप्रमाणे कोणत्याही वेळी राबवायचे, हा प्रकार जितका सर्रास तितकाच घातक आहे. उलट बाजूही आहे. मदतनीस आपल्या वतीने बोलू लागला, दुकानदाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परस्पर देऊ लागला किंवा फोन उचलू लागला, तर पहिल्याच वेळी थांबवावे. महिनाभराने सांगायला गेले की ते भांडण होते. एकाच माणसावर सारी भिस्त न ठेवता निदान दुसरा एक जण शिकवून तयार ठेवावा आणि अधूनमधून त्याच्याकडूनही काम करून घ्यावे.

घर आणि साधने

अनेक संस्था घर पाहून बदल सुचवतात. घरी येणारी व्यक्ती व्यवसायोपचारतज्ज्ञ (रोजची कामे करता यावीत यासाठी सराव आणि बदल सुचवणारी तज्ज्ञ) असेल तर उत्तमच, पण तिने आपल्याला प्रत्यक्ष त्या घरात वावरताना पाहिले पाहिजे. कागदावरच्या नकाशावरून केलेल्या शिफारशी न्हाणीघराच्या दारात अडकतात. काही मापे मात्र आपल्याला माहीत असलेली बरी. व्हीलचेअरसाठीच्या उताराचे प्रमाण साधारणपणे १:१२ धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. जागा नाही म्हणून त्याची लांबी निम्मी केली तर तो उतार राहत नाही, घसरगुंडी होते. खुर्ची जागच्या जागी वळवायला सुमारे १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दार पूर्ण उघडल्यावर मिळणारी मोकळी रुंदी निदान ८० सेंटिमीटर असावी, ९० असेल तर अधिक चांगले. कमोडची उंची व्हीलचेअरच्या बैठकीइतकी असली की सरकून जाणे सोपे पडते. टॉवेलसाठी लावलेली दांडी आधारदांडी म्हणून कधीही वापरू नये. आधारदांडी भक्कम भिंतीत, संपूर्ण शरीराचा भार पेलेल अशी बसवावी लागते.

भाड्याचे घर असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि घर सोडताना बदल पूर्ववत करायचे असतील तर तो खर्च कोण करणार, हे संस्थेकडून आधी स्पष्ट करून घ्यावे.

व्हीलचेअरच्या बाबतीत देणगीचा समारंभ आणि माणसाची गरज यांचा मेळ क्वचितच बसतो. एकाच मापाच्या शंभर खुर्च्या रांगेने मांडून वाटल्या जातात, आणि त्यांतल्या कित्येक काही महिन्यांत अडगळीत पडतात. नीट सेवा देणारी संस्था आधी माप घेते, मग खुर्ची ठरवते, बसवून पाहते, चालवायला शिकवते आणि पुढे दुरुस्तीही करते. बैठक फार रुंद असेल तर शरीर एका बाजूला कलते. बैठकीची पुढची कड गुडघ्यामागे टोचू नये म्हणून तिथे सुमारे दोन बोटांचे अंतर सोडावे. संवेदना कमी असलेल्यांनी दाब विभागणारी गादी मागून घ्यावीच, आणि तरीही दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंगाचा भार हलवण्याची सवय लावावी, कारण दाबामुळे झालेली जखम भरून यायला महिने लागू शकतात आणि तेवढ्या काळाचे स्वातंत्र्य पलंगावर जाते. पंक्चर कोण काढणार आणि टायर, ब्रेकचे सुटे भाग कुठे मिळणार, हे खुर्ची घेतानाच विचारावे.

अंध व्यक्तींसाठी पांढरी काठी मिळणे ही केवळ सुरुवात आहे. ती वापरून अनोळखी रस्ता शोधण्याचे प्रशिक्षण देणारी संस्था गाठावी, आणि ते प्रशिक्षण मैदानावर न होता आपल्या रोजच्या वाटेवर होईल याचा आग्रह धरावा. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या पडदावाचक सॉफ्टवेअरवर पैसे खर्च करण्यापूर्वी एनव्हीडीए हे संगणकासाठीचे मोफत सॉफ्टवेअर आणि फोनमध्ये मुळातच असलेली टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर ही सोय वापरून पाहावी. कर्णबधिर व्यक्तींच्या घरात दाराच्या घंटेला आणि धुराच्या सूचनायंत्राला जोडलेला लुकलुकणारा दिवा, आणि उशीखाली ठेवायचा थरथरणारा गजर, ही साधने झोपेतल्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहेत.

कौशल्ये शिकताना

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला शिकवताना काम लहान टप्प्यांत मोडून शेवटच्या टप्प्यापासून शिकवणे पुष्कळदा सोपे जाते. अंथरूण आवरण्याचे उदाहरण घेतले तर आधीचे सगळे शिकवणाऱ्याने करायचे आणि उशी जागेवर ठेवण्याचे शेवटचे काम शिकणाऱ्याने; ते जमले की चादर ओढणे आणि उशी ठेवणे. यात प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पूर्ण होते. संस्थेच्या प्रशिक्षणगृहात शिकलेले कौशल्य घरच्या वेगळ्या नळापाशी आणि वेगळ्या कुलुपापाशी अडते, म्हणून निदान काही सत्रे प्रत्यक्ष राहत्या घरी घेण्याची विनंती करावी.

या सगळ्यापेक्षा मोलाची सेवा म्हणजे आपल्यासारख्याच दिव्यांगत्वासह आधीपासून स्वतंत्र राहणाऱ्या व्यक्तीशी भेट. मदतनिसाला कामावरून कसे काढले, पाळीच्या दिवसांत काय सोय केली, घरमालकाला काय सांगितले, एकटेपणाचे काय केले, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही तज्ज्ञाकडे नसतात. संस्था अशी भेट घडवून देत नसेल तर स्वतःहून मागावी.

कुटुंब, निर्णय आणि पैसा

कुटुंबाचा विरोध बहुधा भीतीतून येतो, आणि ती भीती निराधार नसते. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ती विशिष्ट करून घ्यावी. ‘काही झाले तर?’ या वाक्यातले ‘काही’ म्हणजे नेमके काय, हे आईवडिलांना विचारले की पडणे, आग लागणे, फसवणूक होणे, औषध चुकणे अशी मोजकी कारणे पुढे येतात आणि प्रत्येकाचा वेगळा बंदोबस्त करता येतो. एकदम घर सोडण्याऐवजी आधी एक रात्र, मग शनिवार-रविवार, मग महिनाभर असे टप्पे घ्यावेत. या काळात घरच्यांनी दिवसातून ठरलेल्या एकाच वेळी फोन करावा. दर तासाला येणारा फोन ही दुसऱ्या प्रकारची देखरेखच असते.

निर्णय घेण्यासाठी मदत लागणे आणि निर्णय घेता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्यांग हक्क कराराच्या १२व्या कलमाने दिव्यांग व्यक्तींची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य केली आहे आणि ती वापरण्यासाठी लागणारे साहाय्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. म्हणून करार सोप्या भाषेत, चित्रांसह, ब्रेलमध्ये किंवा सांकेतिक भाषेत समजावून मागावा. विचार करायला वेळ मागावा, विश्वासातल्या व्यक्तीला बरोबर बसवावे, आणि सही किंवा अंगठा शक्यतो स्वतःचाच द्यावा. बँकेचे खाते आणि एटीएमचा पिन संस्थेच्या कार्यकर्त्याच्या किंवा मदतनिसाच्या हाती देऊ नये. रोख व्यवहार अटळ असेल तर वहीत नोंद आणि पावती ठेवावी. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. प्रामाणिक मदतनिसाचेही त्यामुळे रक्षण होते.

तक्रार आणि संस्था सोडणे

सेवा सुरू होतानाच तक्रारीची पद्धत लेखी मागून घ्यावी. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याचकडे ती जाणार असेल, तर वरच्या पदावरील किंवा बाहेरच्या व्यक्तीचे नाव मागावे. मारहाण, लैंगिक छळ, कोंडून ठेवणे किंवा पैसे काढून घेणे या अंतर्गत तक्रारी नसून गुन्हे आहेत. संस्थेची चौकशी संपण्याची वाट न पाहता ते थेट पोलिसांकडे न्यावेत. जी व्यक्ती बोलून सांगू शकत नाही तिने कोणत्या खुणेने, चित्राने किंवा संदेशाने धोका कळवायचा, हे तिच्या विश्वासातल्या निदान दोन माणसांना ठाऊक असावे, आणि त्यांतला एक जण संस्थेबाहेरचा असावा.

प्रकल्पाचा निधी संपला की सेवा बंद पडते, हे स्वयंसेवी क्षेत्रात वारंवार घडते. त्यामुळे आपली सेवा कोणत्या निधीतून चालते आणि तो कधीपर्यंत आहे, हे दरवर्षी विचारावे आणि सेवा थांबवण्यापूर्वी किती दिवसांची सूचना मिळेल ते करारात लिहून घ्यावे. संस्था सोडताना आपल्या मूल्यमापनाच्या अहवालांच्या, मापांच्या आणि सूचनाकागदांच्या प्रती ताब्यात घ्याव्यात. व्हीलचेअर, पलंग किंवा श्रवणयंत्र आपल्या मालकीचे होते की वापरापुरते दिलेले होते याची लेखी नोंद तपासावी, आणि परत करायचेच असेल तर पर्यायी साधन हाती येईपर्यंतची मुदत मागून मगच सही करावी.